नावडत्या स्ट्रायकरचं मीठ अळणी: तुमचे अनुभव

मंडळी, प्रत्येक फुटबॉल संघात असा एखादा नऊ नंबरवाला, म्हणजे गोल करायचं काम असलेला स्ट्रायकर, येऊन गेलेला असतो, ज्याचं नाव अकरा जणांत दिसलं की आपण कपाळाला हात लावतो. मग दोनेक सीझन जातात आणि तोच बेंचवर बसलेला दिसला की चुकल्याचुकल्यासारखं वाटतं. मधल्या काळात नेमकं काय घडतं, त्यासाठी हा धागा. गोलांचे आकडे कुठेही मिळतात. तुमचं मत कुठल्या मॅचला, काय बघून हललं ते लिहा. आधी लाडका आणि मग डोक्यात गेलेला, तो विषय वेगळा. तो इथे नको.

सुरुवात मीच करतो. माझा ऑलिव्हिए जिरू. २०१२ मध्ये हा फ्रेंच स्ट्रायकर लंडनच्या आर्सेनल क्लबला आला आणि त्याच उन्हाळ्यात तिथला स्ट्रायकर रॉबिन व्हान पर्सी मँचेस्टर युनायटेडला गेला. म्हणजे पहिल्या दिवसापासून तुलना सोडून गेलेल्या माणसाशी. जिरूला वेग नाही, वळायला वेळ लागतो, आणि सोपा गोल हुकला तरी केसाची बट जागची हलत नाही. माझा राग निम्मा त्या केसांवरच होता.

मग ऑक्टोबर २०१३ मधला नॉर्विचविरुद्धचा जॅक विल्शेअरचा गोल. सगळे विल्शेअरचं नाव घेतात, पण तो गोल परत लावा आणि फक्त जिरूकडे बघा. गोलकडे पाठ, अंगाशी डिफेंडर, बॉल येतो आणि हा तो थांबवतच नाही; पायाच्या कडेने अलगद उचलून विल्शेअरच्या धावेपुढे ठेवतो. तेव्हापासून मला सवयच लागली, बॉल दुसऱ्याकडे असताना हा काय करतो ते बघायची.

फ्रेंच प्रेक्षकांना जास्त वेळ लागला. २०१६ च्या युरोआधी नाँतमध्ये कॅमेरूनविरुद्ध त्याने गोल केला, तरी घरच्याच लोकांनी शिट्ट्या मारल्या. २०१८ चा वर्ल्डकप तर आणखी मजेशीर: सात मॅच खेळला, गोलच्या रोखाने एकही फटका नाही, आणि फ्रान्स जगज्जेता. ग्रीझमन आणि एम्बापे यांना ज्या मोकळ्या जागा मिळत होत्या, त्या कोण करून देत होतं ते प्रशिक्षक देशाँला माहीत होतं. डिसेंबर २०२२ मध्ये पोलंडविरुद्ध ५२वा गोल करून त्याने फ्रान्सच्या सर्वाधिक गोलांच्या यादीत आँरीला मागे टाकलं. शिट्ट्या मारणाऱ्यांतले किती जण तेव्हा उड्या मारत होते, देव जाणे.

राखीव गोलकीपर
जिरूचा पुढचा अध्याय मी लिहितो, मिलानवाला. जुना स्ट्रायकर इन्झागी गेल्यापासून इटलीच्या मिलान क्लबची नऊ नंबरची जर्सी पनवती मानली जायची. पाटो, टोरेस, हिग्वाइन, मांजुकिच, सगळे त्या जर्सीत फसले. २०२१ मध्ये ती पस्तिशीला टेकलेल्या जिरूने मागून घेतली, तेव्हा मी मनातल्या मनात हात जोडले होते. फेब्रुवारी २०२२ च्या डर्बीत, म्हणजे शहरातल्याच इंटरविरुद्धच्या मॅचमध्ये, इंटर एक गोलने पुढे, आणि याने तीन-चार मिनिटांत दोन गोल ठोकून मॅच फिरवली. त्या सीझनला मिलान अकरा वर्षांनी लीगचा विजेता. पण मला तो खरा आवडला २०२३ मध्ये, जेनोआत. गोलकीपर मेन्यॉनला शेवटच्या मिनिटांत रेड कार्ड, बदली खेळाडू संपलेले, म्हणून जिरूने हातमोजे चढवले. बॉल आत येताच हा पुढे झेपावून सरळ समोरच्याच्या पायात पडला. स्ट्रायकर असं करत नाहीत हो. त्यांना नाकाची काळजी असते.

ऑफसाइड
धाग्याचा सूर छान आहे, पण थोडं पाणी ओततो. 'मोकळ्या जागा निर्माण करणं' वगैरे आपण नंतर शोधून काढतो. आधी गोल लागतात.

एडिन झेको घ्या. २०१५ मध्ये इटलीच्या रोमाला आला, पहिल्या सीझनला लीगमध्ये ८ गोल. इटालियनमध्ये 'चेको' म्हणजे आंधळा; झेको या आडनावाशी यमक जुळवून लोक त्याला तेच म्हणायचे. पालेर्मोविरुद्ध त्याने रिकाम्या गोलसमोर बॉल बाहेर घातला. त्याच मॅचमध्ये दोन गोलही केले होते, पण चर्चा कशाची झाली सांगायला नको. पुढच्या सीझनला लीगमध्ये २९ गोल, इटलीत सगळ्यांत जास्त. संपलं. पहिल्या वर्षीही तो खाली येऊन तसेच सुंदर पास देत होता, तेव्हा कोणी त्याची कविता केली नाही. २९ झाल्यावर मात्र सगळ्यांना त्याचा पहिला टच दिसायला लागला. मलासुद्धा. २०१८ मध्ये बार्सेलोनाला ३-० हरवलं, त्यातला सहाव्या मिनिटाचा गोल त्याचाच. ती रात्र आली नसती, तरी २९ पुरेसे होते.

कठड्यामागून
ऑफसाइड, अर्धं मान्य. पण तुम्ही टीव्हीवर बघता का? टीव्हीचा कॅमेरा बॉलच्या मागे धावतो, त्यामुळे स्ट्रायकर फक्त दोनदा दिसतो: गोल केल्यावर आणि गोल घालवल्यावर.

आमच्या संघात एक होता (अजून खेळतो, नाव नको), त्याला मी बरीच वर्षं पडद्यावरच नावं ठेवली. मग गोलच्या मागच्या कठड्याशी बसून मॅच बघायला लागलो. बॉल उजव्या कडेला असताना हा सेंटरबॅकच्या, म्हणजे मधल्या डिफेंडरच्या, खांद्यामागे जाऊन उभा राहतो, म्हणजे त्या बिचाऱ्याला बॉल आणि हा एकदम दिसतच नाहीत. मग एक पाऊल लांबच्या पोस्टकडे टाकतो, डिफेंडर वळला की झटकन जवळच्या पोस्टकडे. कडेने क्रॉस, म्हणजे आत मारलेला बॉल, येत नाही. हात वर करून जागा दाखवतो, मान हलवतो, परत चालत मागे. पुन्हा तेच. एका मॅचमध्ये हे इतक्या वेळा चालतं की बघणाऱ्यालाच दम लागतो. शेवटी एकदाचा क्रॉस येतो, हा हेडर बारवरून घालवतो, आणि घरी बसलेले म्हणतात, 'आज हा कुठे होता?' तिथेच तर होता!

नऊ नंबर
मी स्वतः खालच्या पातळीवर स्ट्रायकर म्हणून खेळलोय, म्हणून दुसऱ्या बाजूने सांगतो. लोक ओरडले तर चालतं. कानावर सगळं येतं, पण खेळताना त्याचा एकच गोंगाट होतो. उपरोधाच्या टाळ्या मात्र वाईट. साधा पाच यार्डांचा पास बरोबर गेला की आमचेच लोक जल्लोष करायचे. मग बॉल मिळाला की पाय जड. ज्या जागेवरून डोळे मिटून मारायचो, तिथून मी दुसऱ्याला शोधायचो. गोल न होणारा स्ट्रायकर आधी फटका मारणं सोडतो, बघा लक्ष देऊन.

माझं नशीब फिरलं ते आमच्याच गोलसमोर. कॉर्नर वाचवायला मला जवळच्या पोस्टवर उभं करायचे. उंची होती, एवढंच कारण. एका मॅचला समोरच्यांनी कॉर्नरवर कॉर्नर घेतले आणि मी ते सगळे डोक्याने बाहेर काढले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, या वेळी खऱ्या. मॅच गोलशून्य सुटली. पुढच्या आठवड्यात मी समोर तसाच बॉल हुकवला, पण 'चल, पुढचा' असा आवाज आला. गोल त्याच्यानंतर यायला लागले. आधी गोल की आधी माया, याचं उत्तर ऑफसाइडना हवं असेल तर माझं हे असं.

जुना भिडू
दिएगो फोरलान कसा नाही आला अजून? जानेवारी २००२ मध्ये मँचेस्टर युनायटेडला आला आणि पहिला गोल सप्टेंबरमध्ये, तोही मकाबी हैफाविरुद्ध पेनल्टीवर. सगळ्या इंग्लंडने टिंगल केली. पण धावायचा असा की राग धरवत नसे. साऊदॅम्प्टनविरुद्ध उशिरा विजयी गोल केला, आनंदात जर्सी काढली आणि ती परत अंगात जाईना! खेळ सुरू झालेला, हा उघडाच, जर्सी मुठीत धरून बॉलमागे धावतोय. ते बघून मी त्याला कायमचं माफ केलं. महिन्याभरात ॲनफिल्डवर लिव्हरपूलविरुद्ध दोन गोल, आणि त्यावर रचलेलं गाणं लोक अजून गातात. २०१० च्या वर्ल्डकपचा गोल्डन बॉल (स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा) नंतरचा. माझ्यासाठी तो जर्सीवालाच.

टायनकाठचा
न्यूकॅसलचा जोलिंटन. २०१९, ४ कोटी पौंड, नऊ नंबर, पहिल्या लीग सीझनला गोल दोन. नोव्हेंबर २०२१ मध्ये नॉर्विचविरुद्ध आमचा डिफेंडर नवव्या मिनिटाला रेड कार्ड घेऊन गेला आणि प्रशिक्षक एडी हाऊने जोलिंटनला मिडफिल्डला ओढलं. तिथे तो असा भिडला की बस. त्याच सीझनला क्लबचा सर्वोत्तम खेळाडू.

ऑफसाइड
@टायनकाठचा, तो स्ट्रायकर म्हणून कुठे आवडला तुम्हाला? स्ट्रायकर राहिला नाही म्हणून आवडला.

टायनकाठचा
आवडला ना, मग झालं तर.

शेवटची रांग
रिआल माद्रिदमधला बेंझेमा. २०१७-१८ ला लीगमध्ये पाच गोल आणि बर्नाबेऊत, घरच्याच मैदानावर, शिट्ट्या. तो रोनाल्डोसाठी खेळत होता, हे रोनाल्डो गेल्यावर उजेडात आलं. २०२२ मध्ये पीएसजी आणि चेल्सी, दोघांविरुद्ध हॅटट्रिक, चॅम्पियन्स लीगच्या त्या सीझनला १५ गोल, आणि जगातल्या सर्वोत्तम खेळाडूचा बॅलन डी'ऑर. माझी एकच तक्रार: शिट्टी मारलेली कोणालाच आठवत नाही. विचाराल तो म्हणतो, 'मी तर आधीपासून त्याच्याच बाजूचा.'

आणि आर्सेनलमधल्या हावर्ट्झचंही लिहा कोणीतरी. २०२३ मध्ये बोर्नमथला सोबत्यांनी त्याच्या हातात पेनल्टीचा बॉल दिला, गोलांचं खातं उघडावं म्हणून. नंतर 'सहा कोटी पाण्यात' (पौंड, त्याच्या किमतीवरून) या टोमण्याचंच प्रेक्षकांनी त्याच्यासाठी गाणं करून टाकलं.

अजून वाट बघतोय
सगळं वाचलं. आमचा यात कुठेच बसत नाही. गोल करत नाही, मागे येत नाही, कॉर्नर वाचवत नाही. वर गोल हुकला की हसतो. प्रशिक्षक म्हणतात, सरावात भयंकर चांगला आहे. कठड्यामागून, तुम्ही म्हणता तसं मागे बसूनही बघितलं. तो हसतो ते तिथून आणखी स्पष्ट दिसतं. अशांना किती सीझन द्यायचे?