मदत हवी आहे: पायाच्या अँजिओग्रामला ७५६३० लागतो की ७५६२५ + ७५७१६?

मंडळी, मेडिकल कोडिंगमधलं (डॉक्टरांनी केलेल्या कामाला बिलासाठी नंबरचे कोड लावणं) कोणी इथं असेल तर कृपया हे नीट वाचा. माझ्याकडे सध्या इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजीचे चार्ट आहेत, अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या ग्रुपचे. म्हणजे फक्त प्रोफेशनल साइड (डॉक्टरांच्या कामाचंच बिल), पीओएस २२ (हॉस्पिटलचा ओपीडी विभाग). एका चार्टवर ऑडिटरने एरर टाकला आहे आणि तो मला पटत नाही. रिबटल (ऑडिटरला लेखी उत्तर) उद्या संध्याकाळपर्यंत द्यायचा आहे. टीम लीडला विचारलं तर ‘ऑडिटर म्हणतात ते घ्या ना’ एवढ्यावर विषय संपला.

पेशंटची ओळख पटेल असं काही लिहीत नाही, रिपोर्टमधला मुद्दा तेवढा माझ्या शब्दांत देते.

उजव्या कॉमन फिमोरल आर्टरीतून ॲक्सेस, अल्ट्रासाउंड गाइडन्सने. पिगटेल कॅथेटर रीनल आर्टरीच्या लेव्हलला नेऊन ॲब्डॉमिनल एओर्टोग्राम (एओर्टा म्हणजे पोटातली मुख्य धमनी, तिच्या कॉन्ट्रास्ट देऊन घेतलेल्या इमेजेस). मग कॅथेटर खाली ओढून बायफर्केशनच्या (एओर्टाचे दोन फाटे होतात त्या जागेच्या) जरा वर ठेवला आणि तिथून पुन्हा कॉन्ट्रास्ट देऊन दोन्ही पायांचा रनऑफ (खाली पायांतल्या धमन्यांच्या इमेजेस). डाव्या गुडघ्याखालच्या आर्टरीज धड दिसेनात, म्हणून वायरवरून बायफर्केशन ओलांडून कॅथेटर डाव्या एसएफएमध्ये (मांडीतली सुपरफिशियल फिमोरल आर्टरी) नेला आणि त्या पायाच्या परत इमेजेस घेतल्या. बलून नाही, स्टेंट नाही. निव्वळ डायग्नोस्टिक.

माझे कोड: ३६२४७ (कॅथेटर नेल्याचा), ७५६२५-२६ (एओर्टोग्राम), ७५७१६-२६ (दोन्ही पायांचा अँजिओग्राम), ७५७७४-२६ (जादा व्हेसल). -२६ म्हणजे फक्त डॉक्टरांचा वाटा.
ऑडिटरचे: ३६२४७, ७५६३०-२६ (एओर्टा आणि दोन्ही पाय मिळून एकच कोड). बाकी डिलीट.

शेरा काय, तर ‘प्रोसिजरच्या हेडिंगमध्ये एओर्टोग्राम विथ बायलॅटरल रनऑफ आहे, हे अनबंडलिंग झालं.’ अनबंडलिंग (एका कोडात बसणारं काम तोडून जास्त कोड लावणं) शब्द दिसला की पोटात गोळा येतो, कारण क्वालिटीचा टक्का त्यावरच घसरतो आणि महिन्याचा इन्सेंटिव्ह त्या टक्क्याला बांधलेला.

मला विचारायचं ते असं: हेडिंग धरायचं की बॉडी (रिपोर्टचा आतला मजकूर)? आणि ७५७७४ इथं चालतो का? शिवाय अल्ट्रासाउंडचा ७६९३७ मी लावला नाही, तो राहून गेला असं ऑडिटर म्हणत नाहीत, पण मलाच खात्री करायची आहे.

मी मोर्शी तालुक्यातल्या गावातून घरूनच काम करते. क्लास नागपूरला केला, पण तिथे सारा भर ईएम (तपासणीच्या भेटींचे कोड) आणि सर्जरीवर, व्हॅस्क्युलर घाईघाईत उरकलं. इथं शेजारीपाजारी विचारायला कोणी नाही. त्यात या आठवड्यात शेताची लाइन रात्रीची आहे, बाबा संत्र्याला पाणी द्यायला गेले की घरात मी आणि लॅपटॉप. उत्तर उशिरा आलं तरी चालेल, मी जागीच असते.

नागपूरची ताई:
रिबटल दे. बेधडक दे. हेडिंगवरून कोड काढत नसतात, कोड निघतो तो डॉक्टरांनी बॉडीत जे केलं म्हणून लिहिलं त्यावरून.

७५६३० कधी? कॅथेटर एओर्टात एकाच जागी असतो आणि तिथूनच एओर्टा, इलियाक आणि दोन्ही पाय असं सगळं बघितलं जातं तेव्हा. तुझ्या केसमध्ये रीनलच्या लेव्हलला एक पूर्ण स्टडी झाला, मग कॅथेटर हलवला, मग दुसरा स्टडी. म्हणून ७५६२५ आणि ७५७१६ वेगळे. पण एक अट आहे, ती तू लिहिलेली नाहीस. फाइंडिंग्समध्ये एओर्टाचं स्वतंत्र वाचन आहे का? नुसतं ‘एओर्टोग्राम केला’ चालत नाही. हे एसअँडआय (सुपरव्हिजन अँड इंटरप्रिटेशन) कोड आहेत, इंटरप्रिटेशन लिहिलेलं नसेल तर ७५६२५ टिकणार नाही.

धागाकर्ती:
आहे ताई. ‘इन्फ्रारीनल एओर्टा पेटंट (मोकळी), ॲन्युरिझम (फुगवटा) नाही, दोन्ही रीनल आर्टरीजमध्ये लक्षणीय स्टेनोसिस (अरुंदपणा) नाही’ असं वेगळ्या परिच्छेदात आहे. पायांचं खाली, उजवा-डावा वेगवेगळा.

वऱ्हाडी मानूस:
मंग काहून घाबरून रायली बाप्पा? बॉडीतली वाक्यं जशीच्या तशी डकव अन् पाठवून दे. एक विचारतो, एओर्टात कॅथेटर टाकला तर ३६२०० पण लावा लागते ना? तो कुठी गेला?

नागपूरची ताई:
नाही भाऊ, तो लागत नाही. एकाच पंक्चरमधून सिलेक्टिव्ह (एओर्टातून पुढच्या फाट्यात) गेलो की नॉन-सिलेक्टिव्ह (एओर्टापर्यंतचाच) त्यातच जिरतो. हे मोर्शीवालीला पटकन कळेल: अप्पर वर्धाचा मुख्य कालवा, त्याची वितरिका, तिची लघुवितरिका. कॅथेटर जिथवर शेवटी पोचला तिथला एकच कोड, वाटेतल्या गेटांचे पैसे नाहीत. एओर्टातून डाव्या कॉमन इलियाकमध्ये शिरला तर फर्स्ट ऑर्डर, ३६२४५. एक्स्टर्नल इलियाकला सेकंड, ३६२४६. कॉमन फिमोरल ही तीच नळी पुढे गेलेली, म्हणून तीही सेकंडच. एसएफए किंवा प्रोफंडा म्हणजे थर्ड, ३६२४७. हा तुझा आणि ऑडिटरचा जुळलाच आहे, त्यावर वेळ घालवू नको.

धागाकर्ती:
आणि ७५७७४? मला धाकधूक तिथेच आहे, कारण डावा पाय ७५७१६ मध्ये एकदा मोजला गेलाच.

अमरावतीकर (आयआर चार्ट रोजचे):
मोजला गेला म्हणूनच तर ७५७७४. तो ॲड-ऑन (मूळ कोडासोबतच लागणारा) आहे, मूळ स्टडी झाल्यावर जादा व्हेसल सिलेक्टिव्हली बघितली तर. तुमच्या रिपोर्टमध्ये कारणही आहे: बायफर्केशनवरून गुडघ्याखालचं दिसलं नाही, म्हणून कॅथेटर पुढे नेला. त्या दुसऱ्या इमेजेसचं वाचन वेगळं लिहिलं असेल तर लावा. आधीच्याच रनऑफच्या वाक्यात ते मिसळून टाकलं असेल तर मी सोडून दिला असता.

ऑडिटरची गंमत बघा. ३६२४७ ठेवला, म्हणजे कॅथेटर एसएफएमध्ये गेला हे त्यांनी बॉडीतूनच वाचलं. मग रेडिओलॉजीच्या कोडला हेडिंग कसं काय? रिबटलमध्ये हे लिहा, पण सुरात लिहा, खोचक नको. तोच ऑडिटर पुढच्या महिन्यात परत तुमचे चार्ट उघडणार आहे.

७६९३७ न लावला ते बरोबर. त्याला तीन गोष्टी लागतात: व्हेसल पेटंट आहे हे बघितल्याची नोंद, सुई आत जाताना रिअल टाइममध्ये दिसली ही नोंद, आणि इमेज कायमची सेव्ह केल्याची. ‘अल्ट्रासाउंड गाइडन्सने’ एवढ्या दोन शब्दांवर मिळत नाही.

डायग्नोसिस काय टाकलं?

धागाकर्ती:
दुसऱ्या इमेजेसचं वाचन वेगळं आहे दादा, पेरोनियल आणि अँटिरियर टिबियलचं. डायग्नोसिसला आय ७०.२१२, डाव्या पायाचं क्लॉडिकेशन (धमन्या अरुंद झाल्याने चालताना पाय दुखणं). हिस्ट्रीत टाइप २ डायबेटिस आहे, पण डॉक्टरांनी दोन्हीचा संबंध कुठं लिहिला नाही, म्हणून ई ११.९ (गुंतागुंत नसलेला डायबेटिस) घेतला.

अमरावतीकर (आयआर चार्ट रोजचे):
संबंध लिहायची गरज नाही. आयसीडीच्या (डायग्नोसिस कोडच्या) गाइडलाइनमधला ‘विथ’चा नियम बघा. डायबेटिस आणि पेरिफेरल अँजिओपॅथी (हातापायांच्या रक्तवाहिन्यांचा आजार) इंडेक्समध्ये ‘विथ’खाली आहेत, त्यामुळे डॉक्टरांनी स्पष्ट नाकारलं नसेल तर संबंध धरायचाच. आधी ई ११.५१ (ही जोडी एकत्र), पाठोपाठ आय ७०.२१२. ई ११.९ काढा. ऑडिटरच्या नजरेतून हे सुटलं वाटतं, पण रिबटलसोबत तुम्हीच दुरुस्त करून पाठवा.

नागपूरची ताई:
आणि अल्ट्रासाउंडची इमेज सेव्ह झाली असेल पण लिहायची राहिली असेल, तर लीडमार्फत डॉक्टरांना क्वेरी टाक. ‘इमेज सेव्ह केली होती ना?’ असं विचारू नको, ते लीडिंग (उत्तर सुचवणारं) होतं. ‘ॲक्सेसच्या वेळच्या इमेजिंगचं डॉक्युमेंटेशन स्पष्ट करावं’ असं लिही. ॲडेंडम (रिपोर्टला जोडलेली पुरवणी) आला तरच ७६९३७-२६ जोड. तोवर चार्ट होल्डवर ठेवायचा की आहे तसा सोडायचा, हे लीडकडून मेलवर लिहून घे, फोनवर नको.