प्रति: सर्व्हर बदलल्यावर मराठी मजकूर बिघडला
होस्टिंग बदलल्यावर तुमचे जुने लेख वाचता येईनात आणि वर कुणीतरी फॉन्ट बदलायला सुचवलंय. कृपा करून फॉन्टच्या नादी लागू नका. फॉन्ट नसेल तर रिकामे चौकोन दिसतात, तुमचं दुखणं वेगळं आहे.

पीएचपीमायअॅडमिन (साइटचा डेटाबेस, म्हणजे साठवलेला सगळा मजकूर, दाखवणारं साधन) उघडून लेखांचा तक्ता बघा. एकेका मराठी अक्षराच्या जागी टोपीवाली, तिरक्या रेघेची रोमन अक्षरं असतील तर मजकूर बहुधा शाबूत आहे. युटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. ते तीन सुटे सुटे वाचले की हा घोळ होतो, आणि तो उलटा फिरवता येतो. तिथेही नुसती प्रश्नचिन्हंच असतील तर मात्र मूळ अक्षरं गेली, बॅकअपशिवाय परत येणार नाहीत.

आमच्या वाचनालयाच्या साइटवर हेच झालं होतं. एका पेन ड्राइव्हवर जुनी प्रत सापडली म्हणून निभावलं. त्यामुळे जुनं होस्टिंग अजून चालू असेल तर एवढ्यात बंद करू नका, आधी तिथून पूर्ण डेटाबेस उतरवून घ्या.

नवा डेटाबेस ‘यूटीएफ८एमबी४’ (utf8mb4) या अक्षरसंचातच करा. मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरचं जुनं ‘यूटीएफ८’ ३ बाइटांवर थांबतं. मराठी त्यात बसते, पण इमोजीला ४ बाइट लागतात. कुणी प्रतिक्रियेत हात जोडले की पुढचा मजकूर कापला जातो, नाहीतर सेव्हच होत नाही. आणि उतरवलेली फाइल नव्या डेटाबेसमध्ये इम्पोर्ट करताना तिचं एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) विचारणारा रकाना असतो, तो नीट बघून भरा.