मदत हवी आहे: घरकर्जाचा निधी बागेकडे वळवता येतो का?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या नगरपरिषदेत सफाई कामगारांच्या घरबांधणी कर्जासाठी ठेवलेली रक्कम आळीतल्या बागेच्या सुशोभीकरणाकडे वळवायचा विषय सभेत येतोय. बागेची दशा वाईट आहे, खोटं कशाला बोलू. खाऱ्या वाऱ्याने झोपाळ्यांच्या साखळ्या गंजल्यात, जांभ्याचा गडगा गेल्या पावसात ढासळला. पोरं रस्त्यावर खेळतात. पण कर्जाची वाट बघणाऱ्यांच्या घरांचे वासेही कुजलेत! आधी कौलं, मग कारंजं, असं आपलं माझं मत.

१९६५ च्या नगरपरिषद अधिनियमात असा बदल नुसत्या ठरावाने चालतो, की जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते? माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज टाकणार आहे, पण उत्तराला ३० दिवस; सभा त्याआधीच. हरकत कशी नोंदवायची? जाणकारांनी सांगा.