बर्फात उलट जास्त गर्दी

'फिनलंडमध्ये चार-पाच महिने बर्फ, मग उपनगरात एवढं मोठं क्रीडासंकुल काय कामाचं?' असं एकाने विचारलंय. राजधानी हेलसिंकीच्या पिर्कोला उपनगरातल्या संकुलाचंच घ्या. पोहण्याचा तलाव आणि आइस हॉकीचं मैदान छपराखाली, फुटबॉलची मैदानं उघड्यावर, आणि हे सगळं शहरातून सुमारे 10 किलोमीटर पसरलेल्या केस्कुसपुइस्तोच्या जंगलपट्ट्यात. उन्हाळ्यात पळायच्या वाटेवर लाकडाचा भुसा अंथरलेला, गुडघे दुवा देतात. बर्फ साचला की यंत्र फिरवून स्कीसाठी दोन समांतर चर पाडतात. डिसेंबरात दिवस जेमतेम सहा तासांचा, म्हणून वाटेवर दिवे. चालणाऱ्यांनी मात्र त्या चरांवर पाय द्यायचा नाही. दिलाच, तर एरवी अबोल असणारा फिनिश माणूसही बोलतो!

शहरातली कित्येक साधी मैदानं तर थंडीत पाणी मारून गोठवतात, झालं स्केटिंग सुरू.

आपल्या मंडळींची खरी परीक्षा तलावात उतरण्याआधी असते. आधी अंगावर काहीही न ठेवता अंघोळ, आणि सौनात, म्हणजे गरम वाफेच्या खोलीतही, पोहण्याचा पोशाख चालत नाही. बायका-पुरुषांची सोय वेगळी असते हो, तरी पाटी वाचून माघारी फिरणारे असतातच.