मदत हवी आहे : सोलापुरात सलग दोन विनोदी चित्रपट आणि खुर्चीवर ताक-सरबत

नमस्कार. वडिलांच्या ७५व्या वाढदिवसानिमित्त अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांचे ‘धुमधडाका’ (१९८५) व ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) हे चित्रपट एखाद्या चित्रपटगृहात सलग दाखवावेत, अशी आम्हा भावंडांची मनापासून इच्छा आहे. सुमारे ४० पाहुण्यांपैकी बहुतेक ज्येष्ठ आहेत. मे महिन्यातील आपल्याकडचे ऊन पाहता, मध्यंतराची वाट न पाहता ताक, कोकम सरबत आणि चहा खुर्चीपर्यंत मिळणे आम्हाला चित्रपटांइतकेच महत्त्वाचे वाटते. सात रस्ता किंवा जुळे सोलापूर परिसरात अशी सोय असलेले छोटे चित्रपटगृह भाड्याने मिळेल का? हक्कधारकांची परवानगी चित्रपटगृहाचे व्यवस्थापन घेते की ती आपणच घ्यावी लागते, हेही अनुभव असलेल्यांनी कृपया सांगावे.