फाशी दिलेल्यांना पुरलं कुठे? बघितलेल्या जागांबद्दल लिहा

धागाकर्ती: १८६८ साली इंग्लंडात जाहीर फाशी बंद झाली. पुढे फाशी तुरुंगाच्या आत, आणि पुरायचंही तिथेच. घरच्यांच्या हाती देह द्यायचा नाही. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या अशा जागा कुणी पाहिल्यात का? भुतंखेतं नकोत, प्लीज!

लिंकनवासी: लिंकनच्या किल्ल्यातला लुसी टॉवर जरूर बघा. वर छप्पर नाही, आत झाडं, आणि गवतात ठेंगणे दगड. दगडावर आद्याक्षरं आणि फाशीची तारीख, बस. प्रिसिला बिगाडाइक इथलीच. नवऱ्याला विष घातलं म्हणून डिसेंबर १८६८ मध्ये फासावर गेली. नव्या कायद्यानंतरची पहिली बाई. पुढे तिच्याच घरातल्या भाडेकरूने मरताना गुन्हा कबूल केला म्हणतात. हे कळल्यावर ते दगड पुन्हा एकदा बघत फिरले. शेजारी शाळेची पोरं डबा खात होती.

लंडनकर: न्यूगेट तुरुंग पाडून ओल्ड बेली कोर्टाची आताची इमारत बांधली. त्याआधी तुरुंगातून शेजारच्या जुन्या कोर्टात जायच्या बोळात फरशांखाली मुडदे, भिंतीवर नुसती आद्याक्षरं. म्हणजे खटल्याला जाणारा कैदी आधीच्यांच्या अंगावरून चालत जायचा. निव्वळ क्रूरपणा! पाडताना अवशेष सिटी ऑफ लंडन सिमेट्रीत हलवले. जाहीर फाशी झालेला शेवटचा माणूस, मायकेल बॅरेट, त्यांतच.

बेलफास्टहून: क्रमलिन रोड तुरुंगात १७ फाशा झाल्या, बहुतेकांना आवारातच पुरलं. आता तिथे तिकीट काढून फिरवतात. सोबतच्या मंडळींचं सेल्फी प्रकरण बघून मी आधीच बाहेर पडलो.

मेलबर्नकर: नेड केली या प्रसिद्ध दरोडेखोराला १८८० मध्ये इथे फाशी दिली. १९२९ मध्ये जुन्या तुरुंगाच्या जागी खोदकाम निघालं, तर लोकांनी हाडं आठवण म्हणून पळवली! उरलेली पेंट्रिज तुरुंगात पुरली. २०११ मध्ये डीएनएवरून ओळख पटली (कवटी बहुतांशी गायबच), आणि २०१३ मध्ये नातेवाइकांनी ग्रेटा गावच्या दफनभूमीत पुरलं. कबरीवर नाव नाही, पण यावेळी घरच्यांच्या मर्जीने.

अकोलेकर: राणीनंतरचं आहे, पण नियम तोच. मदनलाल धिंग्रांना १९०९ मध्ये लंडनच्या पेंटनविल तुरुंगात फाशी दिली. दहनाला परवानगी नाकारली, तिथेच पुरलं. १९७६ मध्ये अवशेष भारतात आले. आमच्याकडे त्यांच्या नावाचा चौक आहे.

लंडनकर: @अकोलेकर, पेंटनविल अजून चालू तुरुंग आहे. बघायला म्हणून आत सोडत नाहीत, उगीच खेप घालू नका.