पहिला स्वतःचा कॉन्सर्ट करतेय, जागा आणि साउंडबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी स्वतःची गाणी लिहिते, चाली लावते आणि गिटार घेऊन गाते. आत्तापर्यंत ओपन माइक आणि दुसऱ्यांच्या कार्यक्रमात मधे एखाददुसरं गाणं एवढंच झालंय, आता मात्र तासाभराचा फक्त माझ्या गाण्यांचा कार्यक्रम करायचं पक्कं केलंय. सोबत कीबोर्डवर मित्र, काहोनवर (वर बसून हाताने वाजवायचा लाकडी खोका) मैत्रीण. लेबल नाही, मॅनेजर नाही, सगळं आम्हा तिघांच्याच अंगावर.

दोन जागा बघितल्यात. एक दोनशे खुर्च्यांचं ऑडिटोरियम, भाडं आधी भरायचं, मग तिकिटं खपोत न खपोत. दुसरी साठेक माणसांची, भाडं नाही पण तिकिटांच्या पैशात त्यांचा वाटा. सगळे म्हणतात पहिलाच आहे तर दणक्यात कर, पण माझा जीव छोट्या जागेत अडकलाय, कारण माझ्या गाण्यात शब्दच सगळं आहेत आणि शेवटच्या रांगेतल्या माणसाला ते नीट ऐकू गेले पाहिजेत. त्यांच्याकडून लेखी काय काय घ्यावं?

दुसरं म्हणजे साउंड, याचंच जास्त टेन्शन आहे. मागे एका कार्यक्रमात मला स्टेजवर माझाच आवाज ऐकू येत नव्हता, मॉनिटर (गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्टेजवरचा स्पीकर) वाढवा म्हटलं की कुईईई सुरू, मग मी जोर लावून गायले आणि दुसऱ्या गाण्यालाच घसा गेला. हे परत होऊ नये म्हणून मी काय करू शकते?

आणि दोन गाणी दुसऱ्यांची घ्यायची आहेत, त्याचं लायसन्स कोण काढतं?

प्रतिसाद १:
छोटी जागा घे, डोळे झाकून. तिथे पन्नास आले तरी भरल्यासारखं वाटतं, तेच पन्नास दोनशेच्या हॉलमध्ये विखरून बसतात. लेखी घे: वाटा एकूण विक्रीवर की खर्च वजा जाता, साउंडचा माणूस आणि माइक त्यांचे की तुमचे, आत कधी सोडणार, साउंडचेकला किती वेळ, बंद किती वाजता, रद्द झालं तर काय.

कुईचं कारण म्हणजे मॉनिटरमधला आवाज परत माइकमध्ये शिरतो आणि तिथेच गोल गोल फिरत वाढत जातो. एसएम ५८ सारखा कार्डिओइड माइक (मुख्यतः समोरचा आवाज घेणारा) पाठीमागून सगळ्यात कमी ऐकतो, म्हणून मॉनिटर बरोब्बर माइकच्या पाठीमागे, तुझ्याकडे तोंड करून ठेव. सुपरकार्डिओइड (समोरचा आणखी अरुंद भाग घेणारा, पण थेट मागूनही थोडं ऐकणारा) असेल तर मात्र थेट मागे नको, थोडा बाजूला. ओठ जाळीच्या अगदी जवळ ठेवून गा म्हणजे गेन (मिक्सरवर माइकचा आवाज वाढवणं) कमी लागतो, आणि जाळी मुठीत धरू नकोस. मॉनिटरमध्ये तुझा आवाज आणि थोडा कीबोर्ड एवढंच पुरे, गिटार तुझ्या हातातच आहे. एवढ्या जागेत काहोनला माइक लागेलच असंही नाही. रिकाम्या खोलीत घुमल्यासारखं वाटतं, माणसं बसली की ते कमी होतं, त्यामुळे साउंडचेकला घाबरून सगळं बदलत बसू नका.

स्टेज प्लॉट (स्टेजवर कोण कुठे ते दाखवणारं चित्र) आणि इनपुट लिस्ट (मिक्सरच्या कुठल्या चॅनलवर काय) आधीच पाठवून दे: चॅनल १ वर आवाज, २ वर गिटार, ३ आणि ४ वर कीबोर्ड, ५ वर काहोन, लागला तर. गिटार डीआय बॉक्समधून (गिटारचा सिग्नल मिक्सरला चालेल असा करणारी छोटी डबी). तो अ‍ॅक्टिव्ह असेल तर मिक्सरकडून ४८ व्होल्ट फँटम (माइकच्या केबलमधूनच येणारी वीज) किंवा बॅटरी लागते, नवी बॅटरी बॅगेत असू दे.

प्रतिसाद २:
लायसन्सचं, लाइव्ह गाताना मूळ रेकॉर्डिंगचे हक्क लागत नाहीत, गीत-संगीताचे लागतात. पुष्कळ जागांकडे ते आधीच काढलेलं असतं, कागद बघायला माग. व्हिडिओ टाकणार असाल तर त्याची परवानगी वेगळी.

धागाकर्ती:
खूप खूप आभार! मॉनिटर तेव्हा माझ्या उजव्या बाजूला कडेला होता, आत्ता कळलं. छोटी जागा फायनल करतेय. तिकिटं सगळी आधीच ऑनलाइन विकावीत की थोडी दारावर ठेवावीत? ज्यांनी केलंय त्यांनी प्लीज सांगा, दारावर बसायला आमच्याकडे चौथा माणूस नाहीये.